रेणुकाचं गियरचं लायसन

माझी सून रेणुका हिला गाडीचं लायसन कसं मिळालं, हे आमच्या भाजे गावात ज्याला त्याला ठाऊक हाय, आन् ज्याला त्याला चुकीचं ठाऊक हाय. कुणी म्हणतं नवऱ्यानं शिकवलं. कुणी म्हणतं नशिबानं मिळालं. आन् खालच्या आळीचा माऊली, त्यो तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो की परीक्षा सुनंनं दिलीच न्हाई, सासूनं दिली. ती सासू म्हंजे मी, सरूबाई. माऊलीच्या बोलण्यात थोडं तथ्य हाय, पण त्यो सांगतो तसं घडलेलं न्हाई. मी पहिल्यापासनं हजर व्हते, त्यातला निम्मा वेळ तर गाडीच्या मागच्या सीटवर. तवा माझं ऐका, आन् मधी बोलू नका. मला मधी बोललेलं खपत न्हाई.

रेणुका लग्न होऊन आली तवा इतकी गप व्हती, की मी गोरखला, म्हंजे माझ्या लेकाला, बाजूला घेऊन इचारलं, "बाबा, पोरगी बोलती ना रं?" मंग हळूहळू कळलं, ही गप असती तवा ठरवत असती. ठरवून झालं की सांगती. आन् सांगती म्हंजे नुसतं सांगती, इचारत न्हाई. तिचं आन् माझं तितंच वाजायचं. मी आपली बोलून मोकळी व्हणारी बाई. मनात ठेवलं तर माझं पोट दुखतं.

तिच्या हाताला भाकरीचा गुण हाय, हे मात्र मी पहिल्या दिवसापासनं मान्य केलं. तांदळाची भाकरी. पांढरी, पातळ, तव्यावर टाकली की अशी टम्म फुगती की बघणाऱ्याला भूक लागावी. शनिवार-रविवार लेणी बघाया लोकं येत्यात, त्यांच्यासाठी तिनं रस्त्याकडंला छप्पर टाकून पिठलं-भाकरी सुरू केली. तितं एकदा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवाल्या सारिका मॅडम जेवल्या. जेवता जेवताच म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुण्यांना द्याल का? शनिवार-रविवार, दुपारच्या जेवणाला. पण गरम हवी. गार झाली तर मी परत पाठवीन." रेणुका म्हणाली, "पाठवा." तितनं तिचा धंदा सुरू झाला. टोपलं भरून भाकरी फडक्यात गुंडाळायची आन् गोरखनं मोटारसायकलवर न्यायची, असं चाललं व्हतं चांगलं.

पण गोरख मळवलीला एका बंगल्यावर राखणदार. बंगल्याचे मालक पुण्याला. आधी वर्षातनं एकदा यायचे, झाडं बघून जायचे. पुढं त्यांनी त्यो बंगला शनिवार-रविवार भाड्यानं द्यायला काढला. आता पावणे आले की गोरख गेटावर पायजे. टाकीत पाणी न्हाई, गोरख. कोळसा पेटंना, गोरख. स्पीकरचा आवाज कमी कर म्हणाया शेजारचा आला, गोरख. मालकांनी त्याला सरळ सांगितलं, "शिमग्यापर्यंत तुझं चालवून घेतो. त्यापुढं शनिवार-रविवारी दुपारी गेट सोडलंस, तर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

मंग भाकरी न्यायची कुणी? दुपारच्या वक्ताला सोयीची लोकल न्हाई. रिक्षावाल्याच्या हाती एकदा टोपलं धाडलं, तर तितं पोचेस्तोवर भाकऱ्या कमी भरल्या. त्याचा काय दोष, वासच तसा येतो. गोरख जेवता जेवता म्हणाला, "बंद कर आता. माझी नोकरी जायची त्या भाकरीपायी." रेणुका गप. मी वळखलं, ठरवायला बसली. दोन-चार दिवस तशीच गेली. मंग एका रात्री ताटं वाढताना म्हणाली, "मी गाडी शिकणार हाय. शिमग्याच्या आत लायसन काढणार. रिसॉर्टचा वॉचमन लायसन बगितल्याबिगर गाडी आत सोडत न्हाई."

गोरखचा घास हातातच राहिला. मी म्हणलं, "अगं, गाडी गियरची हाय." तर म्हणाली, "आपल्याकडं तीच हाय, आत्या." खरंच व्हतं. बिनगियरची स्कूटी आणायची तर कुटनं आणायची?

सेवा केंद्रातल्या पोरानंबी तेच म्हटलं. "मावशी, बायका विदाउट गियरचं काढतात. सोपं पडतं." रेणुका त्याला म्हणाली, "सोपं पडलं तरी घरातली गाडी बदलत न्हाई." मंग त्यानं मुकाट्यानं गियरचं भरलं. आधी शिकाऊ लायसन, त्याची परीक्षा कॉम्प्युटरवर. चिन्हं दाखवत्यात, काय ते ओळखायचं. त्या चिन्हांचा कागद आमी चुलीशेजारी भिंतीला चिकटवला व्हता. ती भाकरी थापायची आन् मी काडीनं एकेक चिन्ह दाखवायची. मला वाचता येत न्हाई, पण चित्र तर दिसतं. एका चित्रात गाडीच्या मागं वाकड्यातिकड्या रेघा व्हत्या. मी म्हणलं, "हा दारू पिऊन चालवणारा." ती म्हणाली, "आत्या, रस्ता निसरडा हाय असं हाय ते." पिपाणीवर काट मारलेलं चित्र बघून मी म्हणलं हितं वरात न्यायची न्हाई. तर ते हॉर्नचं निघालं. पण सांगते, माझ्या चुकांनीच तिच्या ध्यानात राहिलं समदं.

परीक्षेच्या दिवशी ती कॉम्प्युटरपुढं बसली. पोरानं मला बजावलं, "आजी, तुम्ही लांब बसा, कॅमेऱ्यात एकच चेहरा दिसला पाहिजे." मी लांबच बसले. पण चार सवाल झाल्यावर ही थांबली. थांबली म्हंजे थांबलीच. माझा जीव खालवर. मी उठले, तिच्या खांद्यावरनं डोकावले, बघते तर त्यो आपला निसरडा रस्ता! मी म्हणलं, "अगं दारू पिलेला—" आन् कॉम्प्युटरनं परीक्षा बंद केली. दोन तोंडं दिसली म्हणं. पोरगा डोक्याला हात लावून बसला. रेणुका उठली आन् बाहेर जाऊन चपला घालाया लागली. फिरून दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं परीक्षा दिली, मला घरीच ठेवून, आन् पास झाली. तवाच मला कळायला पायजे व्हतं, पण न्हाई कळलं.

आता गाडी. पहिल्या दिवशी गोरखनं शिकवायला घेतलं. भात काढून झालेलं आमचं खाचर कोरडं पडलेलं, तितं. गोरख तसा गरीब माणूस, पण गाडी शिकवायला लागला की त्याच्या अंगात कोण येतं देव जाणे. "क्लच सोड! सोड म्हणतोय ना! अगं सोड म्हंजे असा सोडतात व्हय? हळू सोड! आता धर! धरायचा कशाला मेला आता?" गाडी बेडकासारखी उड्या मारत बांधाला जाऊन टेकली. रेणुका उतरली, तिनं चावी काढून त्याच्या हातात दिली आन् घरी निघून आली. त्या रात्री नवरा-बायकोचं बोलणं बंद. सकाळी ती मला म्हणाली, "आत्या, तुमी चला. तुमाला गाडीतलं काय कळत न्हाई, म्हंजे वरडायच्याबी न्हाई तुमी."

मला कळत न्हाई? माझं डोकं सणकलं. वीस वरसं मी गोरखच्या मागं बसून हिंडले हाय. गाडी कण्हायला लागली की गियर बदलायचा, हे मला मागं बसून बसून पाठ झालंय. मी म्हणलं, "चल, दाखवते तुला." लुगडं खोचलं आन् मागं बसले. आन् तितनं आमचं जे काय सुरू झालं ते सांगण्याजोगं हाय.

बघा, आमच्या घरात कुठलंबी काम दोघींत असतं. ती दळती, मी चाळते. ती धुती, मी वाळत घालते. आता गाडी काय निराळी? ती हँडल धरायची, बाकीचं मी बघायची. मागं कोण येतंय ते मी बघायची, आरशात बघायचं काम तिला पडलंच न्हाई. वळायचं असलं की डावीकडं डावा हात, उजवीकडं उजवा हात, मी लांब करायची. शेजारच्या पाणंदीनं कुणी जाताना दिसलं तर जयभीम, रामराम, कुटं निघाला, सून आलीय का माहेरनं, हे समदं मी बोलायची, म्हणून तिचं ध्यान हलत नसे. "गियर टाक," "बैल आला," "आता हळू," हे मी सांगायची. चुलीतल्या राखेनं खाचरात मोठा आठ काढला व्हता, एकावर एक दोन गोल, पाय भुईला न टेकवता त्यातनं फिरायचं. आमी दोघी असल्या झ्याक फिरायचो की लेण्यावर आलेले लोकं वरनं मोबाईल काढून बघायचे. पदर साखळीत जातो म्हणून तिनं पंजाबी ड्रेस घातला, त्याला मी एक शब्द बोलले न्हाई. बोलायचं मनात लय व्हतं.

गोरख एकदा म्हणाला, "आई, कायद्यानं शिकणाऱ्याच्या मागं लायसनवाला माणूस पायजे." मी म्हणलं, "ते रस्त्यावर. हे आपलं खाचर हाय. हितं सासू चालती." त्यो हसला, आन् मलाबी वाटलं मी लय हुशारीचं बोलले.

मंग आला कॅम्पचा दिवस. आरटीओचे साहेब महिन्यातनं एकदा वडगावला येत्यात, तितं परीक्षा. गाडी गोरखनं चालवत नेली, मागं रेणुका. तिघं एका गाडीवर बसायचे न्हाईत, म्हणून मी लोकलनं गेले. मैदानात पांढऱ्या रंगानं आठ काढलेला. पोरांची ही मोठी रांग, समदे विशीतले. बाईमाणूस एकटी रेणुका, आन् तीबी गियरवाली. एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "काकू पण?" मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यो रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

तिचा नंबर आला. तिनं हेल्मेट घातलं, गाडी चालू केली, आन् मी सवयीनं मागं बसायला गेले. साहेब म्हणाले, "आजी, कुठं?"

"मागं," मी म्हणलं.

"परीक्षेला एकट्यानंच बसायचं असतं."

हे आमच्या ध्यानातच आलं न्हाई. खरं सांगते, दोन महिने आमी दोघी त्या आठात फिरलो, पण परीक्षेला मी मागं नसणार हे ना तिच्या डोक्यात आलं ना माझ्या. रेणुकानं माझ्याकडं बघितलं. पाण्यात ढकलायच्या आधी माणूस बघतं तसं. मी म्हणलं, "जा, काय व्हत न्हाई," आन् दोरीच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

गाडी निघाली ती झुलतच. मागं माझं वजन न्हाई, गाडी तिला हलकी लागली. पहिल्या वळणाला आली, आन् माझा हात आपोआप लांब झाला. दोरीच्या बाहेरनं. मी काय मुद्दाम केलं व्हय? हात गेला. तिनं ना इंडिकेटर लावला, ना हात दाखवला, ती माझा हात बघत वळली. साहेबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मंग ती जिकडं बघत व्हती तिकडं बघितलं, आन् तितं मी.

"आजी, तुम्ही काय करताय?"

"हात दाखवतेय."

"कुणाला?"

"मागच्या गाड्यांला."

मागं फकस्त पोरांची रांग व्हती, ती हसायला लागली. तवर दुसरं वळण आलं. मी म्हणलं, "उजवीकडं हाय, उजवीकडं!" तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आन् तिचा पाय भुईला टेकला. झालं.

साहेब काय वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला जवळ बोलावलं आन् शांतपणे म्हणाले, "ताई, गाडी तुम्हाला येते. पण अर्धीच येते. उरलेली अर्धी तिकडं उभी आहे. पुढच्या कॅम्पला पूर्ण घेऊन या." आन् माझ्याकडं वळून म्हणाले, "दोघींत मिळून एक लायसन मिळत नाही, आजी."

पुढचा कॅम्प शिमग्याच्या तोंडावर. तितं हुकलं की भाकरी गेली. सारिका मॅडमनं आधीच सांगितलं व्हतं, कामशेतचा एक जण मशीनवरच्या भाकऱ्या द्यायला तयार हाय.

घरी आल्यावर तिनं हात-पाय धुतले, चूल पेटवली आन् माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, उद्यापासनं तुमी मागं बसू नका."

मला लय लागलं ते. मी हिच्यापायी कंबर मोडून घेतली, खाचरातल्या धसकटांवरनं दणके खाल्ले, आन् ही मला बसू नका म्हणती? मी बोलले, तोंडाला येईल ते बोलले. अर्धी गाडी म्हंजे मी का? मंग परीक्षा नापास कुणामुळं झाली? माझ्यामुळं? ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मी त्या रात्री जेवले न्हाई. तिनं ताट झाकून ठेवलं, पण जेवा म्हणून आग्रह केला न्हाई. नंतर मी गुपचूप खाल्लं ते निराळं.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर जाऊन बसले. बघायला कुणाची बंदी न्हाई. बघते तर काय, तिनं माझ्या जागेवर भाताचं भरलेलं पोतं बांधलेलं. गोरखला इचारलं तर हसू दाबत म्हणाला, "वजन सारखं लागतं म्हणती. आन् पोतं बोलत न्हाई." मी त्याला बांधावरनं उठवून लावला.

पण डोकं बघा तिचं. पोतं बांधून ती फिरायची, स्वता इंडिकेटर लावायची, स्वता आरशात बघायची, हात दाखवायची. आन् रोज सकाळी त्या पोत्यातलं थोडं भात काढून कणगीत टाकायची. आज थोडं, उद्या थोडं. पोतं रोज बारीक व्हत चाललं. मी बांधावर बसून त्या पोत्याकडं बघायची आन् मला कसंतरीच व्हायचं. वाटायचं, मीच कमी व्हतेय.

हात तर ऐकंना. ती वळणाला आली की माझा हात उठायचा. शेवटी मी दोनी हात मांडीखाली घालून बसायला लागले. माऊली तिकडनं जाताना म्हणाला, "सरूमावशी, थंडी वाजतीय का?" मी म्हणलं, "तुझं काम कर."

ज्या दिवशी पोतं पार रिकामं झालं त्या दिवशी ती पडली. वळणावर गाडी कलंडली, ती खाली आन् गाडीचं चाक फिरतंय. मी उठले, धावायला निघाले, आन् बांधावरच थांबले. तिनं मान वर करून बघितलं, मी येते का म्हणून. मी न्हाई गेले. तिनं गाडी उचलली, गुडघ्यावरची माती झटकली, किक मारली, आन् पुन्यांदा आठात घातली. तिचं पडणं बघवत न्हाई, आन् उठणंबी मला बघवंना त्या दिवशी.

शिमग्याच्या आधीचा कॅम्प आला. आदल्या रात्री मी म्हणलं, "मी येऊ का नको ते सांग एकदाचं." ती भाकरी उलथत म्हणाली, "या. पण पाठ करून बसायचं." मी म्हणलं, "बरं." माझ्या तोंडातनं बरं निघालेलं ऐकून गोरख पाणी प्यायचा थांबला.

वडगावला मैदानाच्या कडंला सविता नावाच्या एका बाईची चहाची गाडी व्हती. तिच्यापुढं दगडावर मी बसले, मैदानाकडं पाठ करून, हात मांडीखाली. गोरख शेजारी उभा, पण त्याचा काय उपेग न्हाई, त्यानं डोळे मिटून घेतले व्हते. सविताला मैदान समोर दिसत व्हतं. मी तिला म्हणलं, "बाई, काळ्या हेल्मेटवाली माझी सून हाय. मला बघायचं न्हाई. तू बघ आन् सांग."

"का, नवस केलाय का?" ती म्हणाली.

"तसंच समज."

ती चहा गाळता गाळता सांगायला लागली. "बसली. साहेब कायतरी इचारत्यात. निघाली. सरळ आली. इंडिकेटर लावला बघा, पिवळं लुकलुकतंय. पहिल्या गोलात गेली." मला मागनं गाडीचा आवाज येत व्हता. दुसऱ्या गियरमधी, एकसारखा, कण्हणं न्हाई का अडणं न्हाई. आन् मंग एकाएकी सविताची किटली हवेतच थांबली. चहा कपात पडायचा थांबला.

"काय झालं?" मी इचारलं. "पाय टेकला का?"

"कुत्रं आलं आडवं."

आवाज खाली गेला. अगदी बंद पडल्यासारखा. मनातल्या मनात म्हणलं, क्लच धर, अर्धा धर, ब्रेक हळू दाब. तोंड गच्च मिटून धरलं. मान वळायला अशी शिवशिवत व्हती की काय सांगू. इतके दिवस मी तिला समदं वरडून सांगितलं, आन् आता एक शब्द बोलले असते तर तिचं वाटोळं झालं असतं. मी सविताच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या बाईनं खालचा ओठ दाताखाली धरला व्हता.

मंग गाडी गुरगुरली. सविताचा ओठ सुटला. "गेलं कुत्रं. न्हाई टेकला पाय. गेली बाई गेली, दुसऱ्या गोलात गेली. हात दाखवला. थांबली रेघंवर." आन् तिनं कप भरून माझ्यापुढं धरला. "घ्या. तुमचा नवस फिटला."

रेणुका माझ्याकडं चालत आली. मागनं साहेब आले, हातात कागद. मला वळखलं त्यांनी. म्हणाले, "आजी, आज हात कुठं आहेत?" मी मांडीखालनं काढून दाखवले. मुंग्या आल्या व्हत्या दोनी हातांना. साहेब हसले आन् तिला म्हणाले, "आज पूर्ण आणलीत, ताई. पास."

मला आनंद झाला, आन् वाईटबी वाटलं, दोनी एकदम. ती माझ्याबिगर पास झाली व्हती, आन् मी असते तर झाली नसती. गोरखनं तेवढ्यात डोळे उघडून इचारलं, "झालं का सुरू?"

शिमगा झाला. पहिल्या शनिवारी तिनं टोपलं भरलं, वर फडकं, त्यावर गोधडीचा तुकडा, वाफ जाऊ नये म्हणून. मागच्या सीटवर टोपलं ठेवून दोरीनं बांधलं. गाठ मी मारली. तिनं हेल्मेट घातलं, मोबाईलमधलं लायसन पुन्यांदा उघडून बघितलं, आन् निघाली. मी दारात उभी राहिले. माझी जागा टोपल्यानं घेतली व्हती, त्याला काय बोलणार? नुसतं बसूनबी राहवंना, म्हणून अंगण झाडलं. झाडलेलं पुन्यांदा झाडलं. माऊली वाटंनं जाताना म्हणाला, "मावशी, एकटीलाच धाडलं?" मी केरसुणी उगारली तसा पळाला.

ती परत आली तवा टोपलं रिकामं व्हतं. गाडी लावली, हात धुतले, घोटभर पाणी पिली. मी काय इचारलं न्हाई. इचारायचं न्हाई असं मनाशी ठरवलं व्हतं, पण ठरवणं हे माझ्या अंगात न्हाई.

"वॉचमन काय म्हणाला?"

"लायसन बगितलं. म्हणाला, गियरचं? मी म्हणलं, व्हय."

"आन् भाकरी?"

"गरम पोचली." मंग ती माझ्याजवळ येऊन उंबऱ्यावर बसली. तशी ती कधी बसत न्हाई. "आत्या, मॅडम म्हणाल्या, उद्यापासनं दुप्पट लागतील. दोन फेऱ्या करायला लागतील मला. पहिली घेऊन गेले की दुसरीच्या थापायला हितं कुणीतरी पायजे. तुमी थापाल?"

लग्न होऊन आल्यापासनं ह्या पोरीनं मला काय इचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं व्हतं. तरी आपला मान राखायला पायजे, म्हणून मी पदर सावरून म्हणलं, "थापीन. पण उकड मी काढणार, मळणार मी. कडा जाड झाली, पीठ कमी पडलं, असलं काय मधी मधी बोलायचं न्हाई तू. मला मधी बोललेलं चालायचं न्हाई, सांगून ठेवते."

रेणुकानं उठून गाडीची चावी खुंटीला अडकवली आन् म्हणाली, "मी कशी बोलीन, आत्या? मी तर गाडीवर असणार."